पारावर वाचलेला प्रोग्रॅम

चोरी म्हणजे काय, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवण्यात आलं. त्यानंतर त्या नोकरीत जितकी वर्षं काढली, तितकी वर्षं मला ते पुन्हा नीट समजलं नाही. दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा असा आग्रह झाला, तेव्हा पहिल्यांदा हा गोंधळच आठवला. तो अजून सुटलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. कुणाला सुटला असेल तर जरूर कळवावं.

नव्वदच्या दशकात नगरमध्ये आमच्या सरांचं कॉम्प्युटर सेंटर होतं. पुढच्या खोलीत क्लास चालायचा आणि मागच्या खोलीत प्रोग्रॅम लिहायचं काम. मी क्लाससाठी म्हणून गेले आणि मागच्या खोलीतच राहिले. सरांचं आडनाव पाठक. माणूस हुशार, हाताखालच्यांना शिकवायला हात आखडता न घेणारा, फक्त चहा सांगायला विसरणारा. त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून गंभीरपणे सांगितलं, की आपण लिहिलेला प्रोग्रॅम ही आपली मालमत्ता. तो कुणाला कॉपी करून द्यायचा नाही, आतून कसा लिहिलाय ते दाखवायचं नाही. तसं करणं म्हणजे चोरी. मी मान डोलावली. मग त्यांनी खणातून फ्लॉप्यांचा एक गठ्ठा काढला आणि त्यावरचा परदेशी कंपनीचा प्रोग्रॅम कोऱ्या फ्लॉप्यांवर उतरवून घ्यायला सांगितला. वरच्या फ्लॉपीवर बॉलपेनने 'पुण्याहून आणले' असं लिहिलेलं होतं. ही चोरी नाही का, असं मी भीत भीत विचारलं. सर म्हणाले, "ते लोक अमेरिकेत आहेत." यात काहीतरी कायदा असेल आणि आपल्याला तो माहीत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

बाहेरच्यांसाठी थोडं धंद्याबद्दल सांगते. प्रोग्रॅमची दोन रूपं असतात. एक माणसाने वाचायचं. इंग्रजी शब्दांत ओळीखाली ओळ लिहिलेल्या सूचना, आधी हे कर, मग ते कर, असं असेल तर तसं कर. याला सोर्स म्हणतात. दुसरं रूप मशीनने वाचायचं. त्याच सूचना दळून केलेलं पीठ, जे आमच्या वेळच्या स्क्रीनवर उघडून बघितलं तर नुसत्या चकल्या आणि हसरे चेहरे दिसायचे. गिऱ्हाइकाला आम्ही हे दुसरं रूप द्यायचो. ज्या बायका ब्लाउज शिवतात त्यांना चटकन कळेल. शिवलेला ब्लाउज तुम्हाला दिला, मापाचा कापलेला कागद आमच्याकडे ठेवला, आणि शिवणीत माया म्हणून जे जादा कापड सोडतात ते सोडलंच नाही. अंगाने जरा भरलात की पुन्हा आमच्याच दारात.

अकोले तालुक्यातल्या एका शाळेत हेडमास्तर होते, त्यांना हा अनुभव आला. आमच्या निकालाच्या प्रोग्रॅममध्ये नावासाठी सरांनी ठेवलेली जागा अपुरी पडली, आणि लांब नावाच्या मुलांची शेपटं कापली जाऊ लागली. एका ओळीतला एक आकडा बदलायचा होता. पण ती ओळ नगरला, सरांच्या कपाटात. मी एसटीने, घाटात पोट सांभाळत, स्टीलच्या डब्यात फ्लॉपी घेऊन पोचले तेव्हा निकालपत्रकं वाटूनही झाली होती. हेडमास्तर शांतपणे म्हणाले, की मुलांच्या आईवडिलांना आता पुढच्या वेळी लहान नावं ठेवायला सांगतो. मला हसावं की माफी मागावी ते कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

सरांनी यावर आणखी एक कुलूप शोधलं होतं. त्याला लॉकच म्हणायचे. काडेपेटीएवढी प्लॅस्टिकची डबी, कॉम्प्युटरच्या पाठीमागे प्रिंटरची वायर जिथे लागते तिथे खोचायची. ती नसेल तर प्रोग्रॅम उघडत नसे, त्यामुळे एकाने घेतलेला प्रोग्रॅम शेजाऱ्याला देता येत नसे. राहात्याच्या बाजारात एक अडते होते, त्यांनी खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडली. तराजू, मापं आणि त्यांच्याबरोबर आमचं लॉक काढून पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. दसऱ्यानंतर फोन आला की मशीन बंद पडलं. मी गेले, पाठीमागे बघितलं तर भोक रिकामं. लॉक कुठे आहे विचारलं, तर ते देव्हाऱ्यात, आणि त्याच्या फटीत कुंकू. सगळ्या कॉम्प्युटरमधून नेमकी ती डबीच पुजायला का घेतली, असं मी विचारलं. ते म्हणाले, "म्याडम, ह्याच्याबिगर ते चालत न्हाई. मंग हत्यार ह्येच ना?" मी पिन घेऊन कुंकू काढत बसले. त्यांचं काय चुकलं हे मला आजही सांगता येत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

नेवासा तालुक्यातल्या एका गावात पाटपाण्याची सोसायटी होती. कालव्याला पाणी सुटलं, म्हणजे आवर्तन आलं, की गावच्या चारीवर, म्हणजे कालव्यातून निघालेल्या लहान पाटावर, कुणी कधी पाणी घ्यायचं त्याच्या पाळ्या सोसायटी लावायची. नियमात काहीही लिहिलेलं असो, त्या गावात पाणी वरून खाली यायचं. चारीच्या शेवटाला, म्हणजे टेलला ज्यांची जमीन, त्यांची पाळी येईपर्यंत कधीकधी वरून पाणीच बंद व्हायचं. त्यावर गावाने पूर्वीच एक उतारा काढला होता. ज्यांची पाळी हुकली, ते पुढच्या आवर्तनात पहिले.

आणि हे सगळं उघड्यावर चालायचं. मारुतीच्या देवळापुढच्या पारावर पाटकरी, म्हणजे चारीचं पाणी सोडणारा माणूस, पाळ्या तोंडाने वाचायचा. एक नाव घ्यायचा आणि थांबायचा. "हरकत?" असं विचारायचा. कुणी काही बोललं नाही की पुढचं नाव. वाद व्हायचे ते तिथेच, नावानावाला, आणि तिथेच मिटायचे.

मग सोसायटीने कॉम्प्युटर घेतला. सेक्रेटरी निमसे तात्यांना त्याचा फार अभिमान. सरांनी पाळ्यांचा प्रोग्रॅम लिहिला, मी तो तिथे बसवून दिला. छापील पाळीपत्रक नोटीस बोर्डावर चिकटू लागलं आणि पारावरचं वाचन बंद झालं. कॉम्प्युटरवर हरकत कोण घेणार? म्हातारा पाटकरी नुसता चारीवर फिरायचा आणि कागदावर जे असेल ते करायचा. मला तेव्हा ही प्रगती वाटली होती, आणि तात्यांना तर वाटलीच होती.

पारूबाई साळव्यांना ती वाटली नाही. बौद्धवस्तीतल्या या बाई. नवरा पुण्याला नोकरीला, शेती सगळी यांच्या अंगावर, आणि जमीन अगदी टेलला. त्या वर्षी त्यांनी कांद्याचं बी धरलं होतं. कांदा पुन्हा जमिनीत लावतात, त्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे येतात, वर गोंडे फुलतात आणि गोंड्यात बी भरतं. भरायच्या वेळेला पाणी चुकलं की बी पोचट. पारूबाईंची पाळी एका आवर्तनात हुकली. पुढच्यात त्या पहिल्या असायला हव्या होत्या, तर कागदावर त्यांचं नाव पुन्हा शेवटी, आणि पाणी पुन्हा त्यांच्या बांधापर्यंत येण्याआधी बंद. शेजारच्या विहिरीच्या उसन्या पाण्यावर त्यांनी डेंगळे कसेबसे जगवले. आता नवं पाळीपत्रक लागलं होतं आणि नाव तिसऱ्यांदा शेवटीच होतं. हे पाणी हुकलं तर बी गेलं, आणि बियाबरोबर वर्ष.

तात्या वाईट माणूस नव्हता. पण सरांनी त्यांना सांगितलं होतं की हुकलेल्या पाळीचा नियम प्रोग्रॅमात घातलाय, आणि तात्यांचा प्रोग्रॅमवर विश्वास. पारूबाईंनी मागे एकदा आपली पाळी शेजाऱ्याला बदलून दिली होती, कॉम्प्युटरने तेच धरलं असेल, असं ते सगळ्यांना समजावत होते. वरच्या अंगाच्या बागायतदारांना हे पटायला वेळ लागला नाही. पारूबाई म्हणाल्या, मग कॉम्प्युटर काय काय धरतो ते पारावर वाचून दाखवा.

तात्यांनी सांगितलं की ते सरांकडे असतं. तर बाई दुसऱ्या दिवशी एसटीने नगरला सेंटरवर हजर. क्लासच्या पोरींच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. मी त्यांना पाणी दिलं आणि सरांपुढे नेलं.

सर त्यांच्याशी अदबीनेच बोलले. प्रोग्रॅम दाखवता येणार नाही हे त्यांनी दोनतीन प्रकारे सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "हे बघा आई, हॉटेलवाला मिसळ देतो. मसाल्यात काय घातलं ते सांगतो का?"

पारूबाईंनी जरा विचार केला. "मिसळ न्हाई आवडली तर मी दुसऱ्या हाटेलात जाईन," त्या म्हणाल्या. "पाट येकच हाय, सायेब."

मला दोघांचंही बरोबर वाटत होतं. सरांनी तो प्रोग्रॅम डोळे फोडून लिहिला होता, तो उघडा केला तर उद्या कुणीही उचलून शेजारच्या गावात विकला असता. आणि पारूबाईंचं पाणी त्या प्रोग्रॅमात कुठेतरी अडलं होतं किंवा अडलं नव्हतं, आणि ते बघायचा त्यांना हक्क नव्हता. दोन बरोबर गोष्टी एकाच खोलीत बसून एकमेकींकडे बघत होत्या.

तिढा सुटला तो तात्यांच्या फोनने. टेलच्या सगळ्यांनी मिळून सोसायटीत ठाण मांडलं होतं, वाचणार नसाल तर कॉम्प्युटर पोत्यात घालून ठेवा म्हणत होते. सरांनी फोन ठेवला, कपाटातून सोर्स काढला, लांबलचक घडीच्या कागदावर छापला आणि माझ्या हातात दिला. "जा, वाच," म्हणाले. "कागद मात्र परत आण. कुणाला काय कळणार आहे त्यातलं?" त्यात राग नव्हता, खात्री होती. खरं सांगायचं तर मलाही तीच खात्री होती.

असा तो प्रोग्रॅम मी पारावर वाचला. सकाळची वेळ, समोर बरीच माणसं, बाया एका बाजूला, त्यांत पुढेच पारूबाई. म्हाताऱ्या पाटकऱ्याला बोलावून माझ्या शेजारी बसवलं होतं, कारण वाचन त्याच्याशिवाय होत नसतं. कागदावर इंग्रजी, म्हणून मी ओळ बघायची आणि मराठीत सांगायची.

"सभासदांची फाईल उघडा," मी म्हणाले.

पाटकऱ्याने समोर बघितलं. "हरकत?"

"न्हाई," सगळे म्हणाले.

"पहिल्या सभासदावर जा."

"हरकत?"

"न्हाई."

असं चाललं होतं. पहिल्यांदा लोक हसले, मग कंटाळले. कुणी तंबाखू मळायला घेतली, एकदोघे म्हशीचं निमित्त करून उठले. स्क्रीन पुसा, शीर्षक छापा, अक्षर ठळक करा, अशा ओळींवर हरकत घ्यायची तरी कशी? तात्या मांडी घालून समाधानाने बसले होते. मला स्वतःचंच हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. हे आपण कुणासाठी करतोय, असा प्रश्न पडला होता. तरी मी एकही ओळ गाळत नव्हते, कारण म्हातारा दर ओळीला थांबत होता आणि तो थांबला की मलाही थांबावं लागत होतं. एरवी मी तो सोर्स शंभरदा चाळला होता. चाळताना डोळा पुढे पळतो. इथे पळायची सोयच नव्हती.

एका ओळीवर मी म्हणाले, "नवीन आवर्तन सुरू होतंय, म्हणून मागच्या आवर्तनाच्या सगळ्या खुणा पुसा."

"हरकत?"

"न्हाई."

पुढे तारीख, वार, कागदाचा समास. कागदाची एक घडी उलगडली. मग ओळ आली, ती मी मनात वाचली आणि तोंडाने म्हणायला गेले. "ज्यांच्या नावापुढे पाळी हुकल्याची खूण आहे, त्यांना सगळ्यांत वर घ्या."

"हरकत?" म्हाताऱ्याने विचारलं.

"न्हाई," सगळे सवयीने म्हणाले.

मी पुढची ओळ वाचलीच नाही. खूण मघाशीच पुसली होती. आधी पाटी पुसायची आणि मग पाटीवर काय लिहिलं होतं ते वाचायला जायचं, असं ते चाललं होतं. खूण असलेलं कुणी सापडणारच नव्हतं. दर वेळी सगळे पुन्हा जिथल्या तिथे, आणि टेल टेललाच. सरांच्या हातून दोन ओळी खालीवर झाल्या होत्या, एवढंच. कुणाचा डाव नव्हता, कुणाचं पाप नव्हतं. आणि हे समोरच्या एवढ्या माणसांत मला एकटीला कळलं होतं.

तो क्षण मला अजून आठवतो. सरांनी विश्वासाने कागद दिला होता. कुणाला काही कळणार नाही म्हणाले होते, आणि खरंच कुणाला काही कळलं नव्हतं. मी पुढे वाचत गेले असते तर दुपारपर्यंत वाचन संपलं असतं, नगरला जाऊन गुपचूप दुरुस्ती झाली असती, पुढच्या आवर्तनाला सगळं सुरळीत. फक्त हे आवर्तन गेलं असतं. म्हातारा माझ्याकडे बघत होता. पुढची ओळ का येत नाही म्हणून त्याने पुन्हा विचारलं, "हरकत?"

"आहे," मी म्हणाले. "माझी आहे."

मग मी पाटीचं उदाहरण देऊन सांगितलं. तात्यांना पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बागायतदारांपैकी एकाने, वाचणाऱ्यालाच हरकत घेता येते का, असा मुद्दा काढला. म्हातारा पाटकरी म्हणाला, "पारावर बसलेल्या कोनाला बी येती." नवं पाळीपत्रक तिथल्या तिथे हाताने लिहिलं गेलं आणि त्याने ते नावानावाला थांबत वाचलं. पहिलं नाव पारूबाईंचं होतं.

नगरला मी सगळं सांगितलं तेव्हा सर चुकीबद्दल काहीच बोलले नाहीत. दोन ओळींची जागा बदलायला त्यांना पाणी पिण्याइतकाही वेळ लागला नाही. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. "आता तो प्रोग्रॅम माझा राहिला नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, सर, कुणी उचलून नेला नाही, कागदही परत आणलाय. ते म्हणाले की तसं नाही. मग कसं, हे त्यांनाही सांगता आलं नाही. त्या सोसायटीने मात्र पुढच्या वर्षीही प्रोग्रॅम सरांकडूनच घेतला, आणि शेजारच्या दोन गावांनी 'तो वाचलेला' द्या म्हणून मागितला. सर त्याने सुखावले की दुखावले, ते मला ओळखता आलं नाही.

दशक सरता सरता एका इंग्रजी मासिकाबरोबर एक सीडी फुकट आली. तिच्यावर लिनक्स नावाचा, आख्खा कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्रॅम, आणि बरोबर त्याचा सोर्स. आत लिहिलेलं होतं, की हे कुणीही वाचा, बदला, कॉपी करा, दुसऱ्याला द्या, फक्त पुढच्याला देताना त्यालाही हीच मुभा ठेवा. सरांनी ते दोनदा वाचलं, सीडी उलटीसुलटी करून बघितली. "हे लोक खातात काय?" असं त्यांनी मला विचारलं. मला काय माहीत? सरांनी ती सीडी खणात ठेवली, आणि लॉकं मात्र विकत राहिले. मी त्यांच्याकडेच काम करत राहिले. आज माझी भाची सांगते की तिच्या फोनच्या तळाशी तेच लिनक्स बसलंय. असेल. मालकी कुठे संपते आणि हक्क कुठे सुरू होतो, हे मला तिच्या फोनकडे बघूनही कळत नाही.

पण त्या दिवशी पारावरून निघून मी एसटीची वाट बघत फाट्यावर उभी होते, तेव्हा मागून पारूबाई आल्या. चारीला पाणी सुटायला अजून वेळ होता, त्या शेताकडेच निघाल्या होत्या. त्यांचे काही डेंगळे त्याआधीच वाळून गेले होते. उरलेल्यांना पाणी मिळालं आणि त्यांचं बी भरलं, हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र दोघींनाही त्याची खात्री नव्हती. बोलायचं म्हणून मी त्यांना विचारलं, की वाचलं त्यातलं किती समजलं?

"काय बी न्हाई समजलं, बाई," त्या म्हणाल्या. "लई कट्टाळा आला. पर तुमी मधीच थांबल्या ना, ते समजलं."